दोरीवरचं ऊन

आमच्या सोसायटीच्या फलकावर दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी एक कागद लागतो. ‘दर्शनी भागातील गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत. इमारतीची शोभा जाते. – आज्ञेवरून.’ जूनमध्ये पाऊस लागला की तो कागद दमट होऊन एका टाचणीवर लोंबू लागतो. त्याच सुमारास फलकाच्या थेट डोक्यावर, खुद्द सेक्रेटरींच्या गॅलरीत, तीन बनियन आणि एक टर्किश टॉवेल अवतरतो. कुणी काही बोलत नाही. ऊन आहे तोवर नियम पाळायचा, पाऊस लागला की जिथे वारा तिथे कपडा, असा हा अलिखित करार आहे.

त्या कागदातला ‘शोभा’ हा शब्द मात्र मला काही वर्षं छळतो आहे. लक्तरं वेशीवर टांगू नयेत हे समजू शकतं. त्या म्हणीतली लक्तरं निदान मळकी तरी असतात. इथे धुतलेल्या, निळीत बुडवलेल्या, झटकून सरळ केलेल्या कपड्यालाही वेशीवर मनाई आहे. कपडे वाळवण्याच्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर पाणी, हवा, दोरी, चिमटे यांपासूनच सुरुवात करावी लागते. पण कुठूनही निघालं तरी गाडी याच स्टेशनात येऊन थांबते: कुणाचा कपडा कुणाला दिसावा, आणि ऊन कुणाच्या वाट्याला यावं.

आधी पाण्याचं बघू. पाच किलो धुणं यंत्रातून चांगलं पिळून निघालं तरी त्यात तीनेक लिटर पाणी उरतं. हातानं पिळलेल्या धुण्यात याहून बरंच जास्त. त्या पाण्याची वाफ व्हायला लिटरमागे साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. म्हणजे एका धुण्यामागे दोन युनिटं. दोरीवर ही उष्णता ऊन आणि हवा पुरवतात आणि त्याचं बिल कुणी पाठवत नाही, म्हणून आपण ती मोजतच नाही. नागपूर-अकोल्याकडे ती अंगाला कळते. कूलरची ताटी असो, दारावरचा वाळ्याचा पडदा असो की खिडकीत टांगलेली ओली चादर, वाळताना पाणी भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेतं आणि खोली गार होते. तिकडे मे महिन्यात कपडे वाळवणं आणि घर थंड करणं ही एकच क्रिया असते. ४४ अंशांच्या कोरड्या हवेत दर घनमीटरमागे पन्नास ग्रॅमच्या आसपास पाणी मावायला जागा असते. जुलैतल्या मुंबईत, २८ अंशांना आणि नव्वद टक्के दमटपणात, तेवढ्याच हवेत तीन ग्रॅमसुद्धा जागा नसते. फरक जवळजवळ वीसपट. विदर्भातून बदली होऊन ठाण्याला आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात आपली जीन्स चौथ्या दिवशीही ओली का, हे कळत नाही, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. मराठीत रेंगाळलेल्या कामाला ‘भिजत घोंगडं’ म्हणतात. हा वाक्प्रचार घाटमाथ्यावर किंवा घाटाखाली जन्मला असावा. वर्ध्याला तो सुचला नसता.

आता हेच गणित बंद खोलीला लावू. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. तीस अंश तापमान, ऐंशी टक्के दमटपणा. त्या सगळ्या हवेत आणखी किती पाणी मावेल? जेमतेम दोनशे ग्रॅम, म्हणजे एक पेला. आणि आपण दोरीवर टांगलेलं असतं तीन लिटर. पावसाची झड आत येईल म्हणून खिडक्या गच्च लावून आत कपडे वाळत घालणारी माणसं चौदा-पंधरा पेले पाणी एका पेल्यात ओतू बघतात. हवा बदलली नाही तर कपडे वाळत नाहीत, आणि उरलेला ओलावा भिंतीत, गादीत, कपाटामागच्या कोपऱ्यात जातो. ग्लासगोतल्या मॅकिंटॉश स्कूल ऑफ आर्किटेक्चरने तिथल्या घरांचा अभ्यास केला, तेव्हा घरातल्या हवेतल्या ओलाव्यापैकी तीस टक्क्यांपर्यंतचा वाटा आत वाळत घातलेल्या कपड्यांचा निघाला होता. आपल्याकडे कपाटामागे उमटणाऱ्या काळ्या बुरशीचं खापर बहुतेक वेळा गळक्या बाहेरच्या भिंतीवर फुटतं. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण एकदा दोरीकडेही बघावं.

यावरून एक साधी गोष्ट निघते, ती जुन्या बायकांना ठाऊक होती: ऊन नसेल तर वारा शोधा. पडवीत, जिन्यात, दोन दारांच्या मधल्या झोतात कपडे आधी वाळतात. पंखा रात्रभर चालला तर अर्धं-पाऊण युनिट जळतं. एक फट उघडी ठेवून पंख्याखाली दोरी बांधणं हा आजही पावसाळ्यातला सगळ्यात स्वस्त इलाज आहे. आमच्या लहानपणी कोकणातल्या आजोळी चुलीच्या वर काठ्यांची चौकट टांगलेली असे. तिच्यावर पावसाळ्यात काय नसे? सुकी मिरची, ओला पंचा, पुस्तकाचं भिजलेलं दप्तर. कपडे वाळत, पण धुराचा वास शाळेपर्यंत सोबत येई. बाळंतिणीच्या खोलीत वेगळी सोय होती. निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर लंगोट, दुपटी पसरायची. दुपटं हातात घेतलं की उबदार लागायचं, त्याला ओव्या-उदाचा वास असायचा. टोपली करपू नये म्हणून शेगडीपाशी एक माणूस कायम बसवलेला असे, आणि तो माणूस म्हणजे बहुधा घरातली अशी मुलगी, जिला बाहेर खेळायला जायचं असे.

वासाचा विषय निघालाच आहे तर तोही उरकून टाकू. उन्हात वाळलेल्या कपड्याला एक वास येतो, ज्याची नक्कल साबणवाले वर्षानुवर्षं बाटलीत भरू बघतात. २०२० साली कोपनहेगन विद्यापीठात सिल्विया पुग्लिएझे आणि सहकाऱ्यांनी त्याचा छडा लावायचा प्रयत्न केला. त्यांनी धुतलेले टॉवेल तीन ठिकाणी वाळवले: अंधाऱ्या ऑफिसात, बाल्कनीतल्या सावलीत आणि बाल्कनीतल्या उन्हात. मग प्रत्येकातून निघणारी वायुरूप रसायनं तपासली. उन्हातल्या टॉवेलवर अल्डिहाइड आणि कीटोन जातीची काही संयुगं सापडली, जी बाकी दोन्हींवर नव्हती. त्यातली काही अत्तरांत आणि वनस्पतींतही असतात. ओलं कापड आणि ऊन एकत्र आलं की पृष्ठभागावर हे घडतं असा त्यांचा अंदाज. याउलट पावसाळ्यातला तो कुबट, आंबूस वास. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये त्याचा मुख्य गुन्हेगार म्हणून मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूचं नाव पुढे केलं. तो धुण्यात पुरता मरत नाही, सुकण्यालाही दाद देत नाही आणि ओल रेंगाळली की पुन्हा कामाला लागतो. म्हणून तोच टॉवेल धुतल्यावर बरा वाटतो आणि अंग पुसताच घाण वास मारू लागतो. जपानी लोकांनी हे प्रकरण फार मनावर घेतलेलं आहे. त्यांच्याकडे घरात वाळवायच्या कपड्यांसाठी वेगळे साबण मिळतात, आणि हवामानाच्या अंदाजात आज धुणं कितपत वाळेल याचा निर्देशांकही देतात. आपल्या वेधशाळेनं जुलैत तसा निर्देशांक द्यायचा ठरवला तर कोकणापुरता एकच आकडा महिनाभर चालेल.

ऊन निर्जंतुक करतं हे खरं, पण त्याला मर्यादा आहेत. किरण पोचतात तिथवरच त्यांचा मारा. चौपदरी घडीच्या आत किंवा जाड गोधडीच्या पोटात काम करते ती मुख्यतः कोरड. आणि जे ऊन जंतूंना मारतं तेच रंगांनाही मारतं. पांढरं धोतर कडक उन्हात, रंगीत लुगडं उलटं करून किंवा सावलीत, रेशीम तर उन्हाला दाखवूच नये, हे नियम त्यातूनच आले. पैठणी दोरीवर टांगलेली दिसली तर समजावं की घरात वडीलधारं कुणी नाही.

दोरीपाशी आता जरा थांबतो, कारण तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. तिला दोरी म्हणतात, तार म्हणतात, गावाकडे वलण किंवा वलणी. जुन्या घरांत ती दोरीच नसे. आढ्याला दोन सुंभांनी टांगलेला बांबू असे, माणसाच्या हाताला न पोचणाऱ्या उंचीवर. माझी आजी नऊवारी लुगड्याची चौघडी करून ती दुसऱ्या एका काठीच्या टोकावर घेई, वर नेई, आणि मनगटाच्या एका झटक्यात लुगडं बांबूवर असं टाके की दोन्ही बाजूंना सारखं लोंबे. मग त्याच काठीनं एकेक पदर सोडवत ते पसरवी. हा प्रकार मी मोठेपणी करून पाहिला. लुगडं माझ्या डोक्यावर पडलं.

शहरात दोरी आडवी झाली आणि भिंतीतल्या आकड्यांवर आली. इथे एक चूक घरोघरी होते. दोरी झोळ पडता कामा नये म्हणून आपण ती ताणून, अगदी सतारीच्या तारेसारखी बांधतो. समजा दोरी पाच मीटर आहे आणि तिच्यावर दहा किलो ओले कपडे आहेत. मधे पंचवीस सेंटिमीटर झोळ असेल तर प्रत्येक आकड्यावर साधारण पंचवीस किलोची ओढ येते. झोळ दहाच सेंटिमीटर ठेवायचा हट्ट केला तर तीच ओढ साठ किलोच्या वर जाते. म्हणजे एक सडपातळ माणूस आकड्याला चोवीस तास लटकलेला. मग एके दिवशी गिट्टी भिंतीतून पोपड्यासकट बाहेर येते आणि आपण गवंड्याला नावं ठेवतो. दोरीला थोडा झोळ द्यावा, मधे बांबूचा टेकू लावावा. कोकणातल्या परसात असा खाच पाडलेला टेकू असतोच, आणि वाऱ्याबरोबर तो डुलतो तेव्हा अख्खं धुणं श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं.

दोरी कशाची, हा प्रश्न मात्र गमतीचा नाही. सुंभ ओलं होऊन कुजतं आणि कपड्याला डाग लावतं. बाजारात मिळणारी निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी उन्हानं दोन वर्षांत पिठूळ होऊन हाताला कुसळं लावते. म्हणून लोक लोखंडी तारेकडे वळतात: टिकते, झोळ पडत नाही. आणि दर पावसाळ्यात महाराष्ट्रात कुठे ना कुठे कपडे वाळत घालताना विजेचा धक्का बसून माणसं गेल्याची बातमी येते. प्रकार बहुतेक वेळा एकच असतो. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासून सोललेली असते. कपड्यांची तार त्याच पत्र्याला किंवा अँगलला बांधलेली असते. पावसानं सगळं ओलं होतं आणि वीज तारेत उतरते. ओला कपडा, ओले हात, बऱ्याचदा अनवाणी पाय. पहिलं माणूस चिकटलं की सोडवायला धावलेलं दुसरंही चिकटतं, म्हणून या बातम्यांत एकाच घरातली दोन-तीन नावं असतात. महावितरण पावसाळ्याआधी सांगतं की विजेच्या खांबाला, तारांजवळ किंवा लोखंडी तारेवर कपडे वाळत घालू नका. सूचना बरोबर आहे, पण ती पोचायला हवी ज्यांचं घरच पत्र्याचं आहे त्यांच्यापर्यंत. नायलॉनची दोरी वीस-तीस रुपयांत येते. प्लॅस्टिकचं आवरण चढवलेल्या तारेच्या आतही धातूच असतो, हे लक्षात ठेवावं. आणि मीटरजवळ गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच असेल तर घरातल्या वायरिंगची चूक पोटात घालता येते. खांबाकडून मीटरपर्यंत येणारी वायर तारेला टेकली तर मात्र तोही वाचवत नाही.

चिमट्याचा इतिहास छोटा आहे. स्प्रिंगच्या लाकडी चिमट्याचं पेटंट अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये डेव्हिड स्मिथनं १८५३ साली घेतलं, आणि आज आपण वापरतो तशी गुंडाळीची स्प्रिंग सॉलन मूर या दुसऱ्या व्हर्माँटकरानं १८८७ मध्ये आणली. पण चिमट्याशिवायही चालतं, आणि कसं चालतं ते बघायला महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. १८९० पासूनचा हा धोबीघाट पर्यटक धुण्याच्या दगडी हौदांसाठी बघतात. खरी करामत वरच्या दोऱ्यांत आहे. तिथे एक दोरी नसते, दोन दोऱ्या एकमेकींना पीळ घालून ताणलेल्या असतात. कपड्याचं टोक त्या पिळात बोटानं दाबून बसवायचं. कपड्याचं वजन पडलं की पीळ आणखी घट्ट आवळतो. वारा आला तरी शर्ट सुटत नाही, आणि काढताना नुसती एक हिसडी पुरते. चिमटा नाही, त्याचा गंज नाही, खांद्यावर उमटणारी चिमूट नाही. फोर्ट कोचीच्या धोबीखान्यातही हीच रीत आहे. आता महालक्ष्मीच्या घाटावर मोठी यंत्रं, पाणी पिळून काढणारे ड्रम आणि ड्रायरही आले आहेत, आणि हॉटेल-हॉस्पिटलच्या चादरी बऱ्याच अंशी त्यांत जातात. तरी पुलावरून आजही रंगांचे जे थरच्या थर दिसतात ते त्या पिळाच्या दोऱ्यांवरच. त्याला मात्र कुणी शोभा गेली म्हणत नाही. उलट तिकडे कॅमेरे रोखले जातात.

इथे जातीचा विषय टाळता येत नाही. गावाचे कपडे धुणारा परीट सुतकाचे, बाळंतपणाचे, सगळ्या विटाळाचे कपडे धुऊन स्वच्छ करी, आणि तो विटाळ त्याच्याच नावावर मांडला जाई. ज्या समाजानं भाषेला ‘परीटघडी’ हा शब्द दिला, ज्यात १८७६ साली गाडगेबाबा जन्मले, त्याच्या हातून इस्त्री झालेला कपडा देवघरात चालत नसे. देवघरातलं सोवळं घरीच धुतलं जाई आणि अशा उंच दांडीवर वाळे जिथे पोरांचा हात लागणार नाही. माझ्या आजीची ती काठी नुसती उंचीसाठी नव्हती. न शिवता वाळत घालायचं, न शिवता काढायचं, यासाठी होती. वाळत टाकणं आणि वाळीत टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या, पण सोवळ्याच्या काठीपाशी त्या जरा जवळ येतात.

आणि मग बायकांचे कपडे. कुठल्याही दोरीवर नजर टाका: बाहेरच्या रांगेत शर्ट, पँट, चादरी. आतल्या रांगेत परकर. त्याच्याही आत, परकराखाली किंवा टॉवेलखाली झाकून, जे काही असेल ते. पुरुषांचे बनियन आणि चड्ड्या मात्र रस्त्याकडे तोंड करून खुशाल फडकत असतात. हा नियम कुणी लिहून दिलेला नाही. वयात आलेली मुलगी तो आईच्या एका नजरेतून शिकते. गंमत म्हणून सोडून देता आलं असतं, पण याची किंमत शरीर चुकवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुली-बायकांनी पाळीत कापड वापरत असल्याचं सांगितलं होतं. ते कापड साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलं तर त्यात गैर काही नाही. पण ते वाळतं कुठे? पलंगाखाली, बाथरूमच्या दारामागे, छपराच्या वाशात, दुसऱ्या कपड्याच्या घडीत. ऊन लागत नाही, वारा लागत नाही, आणि दमटच पुन्हा वापरात येतं. आतल्या कपड्यांचंही तेच. पावसाळ्यात मांड्यांत उठणारं गजकर्ण इंग्रज साहेब ‘धोबी इच’ म्हणून बिचाऱ्या धोब्याच्या नावावर खपवत. बुरशीला लागतो घाम आणि ओल, आणि ओल अर्धवट वाळलेल्या कपड्यात तयारच असते. ज्या कपड्याला उन्हाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच आपण सगळ्यात काळोखी जागा देतो. माझ्या मते या सगळ्या प्रश्नातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ड्रायर, साबण, चिमटे यांतलं काहीही तिला स्पर्श करत नाही.

नजरेचा हा त्रास फक्त आपल्याला आहे असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात तो फारसा नाही, हे खरं. तिथे परसातलं गोल फिरणारं, हातानं फिरवून वर चढवता येणारं कपड्यांचं झाड जवळपास राष्ट्रीय चिन्हच झालं आहे. गिल्बर्ट टॉइन यानं आधीच तसली यंत्रं काढली होती, पण १९४५ नंतर अॅडलेडच्या लान्स हिलनं बनवलेल्या ‘हिल्स हॉइस्ट’नं घराघरात जागा पटकावली. सिंगापूरच्या सरकारी इमारतींत खिडकीबाहेर नळ्या बसवलेल्या असायच्या आणि त्यांत बांबू खोचून धुणं बाहेर काढायचं, दहाव्या मजल्यावरूनसुद्धा. ओल्या कपड्यांचा बांबू त्या उंचीवर पेलायला दंडात चांगलं बळ लागतं.

अमेरिकेत कथा उलटी घडली. तिथे आज साधारण पाचातल्या चार घरांत ड्रायर आहे, आणि नव्या वसाहतींच्या घरमालक संघटनांनी अंगणात दोरी बांधायलाच बंदी घातली. कारण तेच: शोभा, आणि तिच्या मागोमाग घरांच्या किमती. दोरी म्हणजे गरिबी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. माझी एक मावशी मुलाकडे तिकडे गेली असताना तिनं दुसऱ्याच दिवशी मागच्या डेकच्या कठड्यावर दोन साड्या वाळत घातल्या. संध्याकाळी मुलाला संघटनेची ईमेल आली. मावशीला अजून कळलेलं नाही की एवढं ऊन वाया घालवून तळघरात यंत्र का फिरवायचं, आणि तिचा प्रश्न तिकडच्या अनेकांनी आधीच विचारला होता. १९९५ मध्ये अलेक्झांडर ली यांनी ‘प्रोजेक्ट लाँड्री लिस्ट’ नावाची संस्था काढली आणि ‘वाळवण्याचा हक्क’ हा शब्दप्रयोग चर्चेत आला. फ्लोरिडात १९८० चा कायदा होता, ज्यात कपड्यांची दोरी आणि सौर पॅनेल एकाच वाक्यात येतात, कारण दोन्ही उन्हावर चालणारी साधनं. मला हा कायदा फार आवडतो. त्यानं दोरीला तिचा खरा हुद्दा दिला. पुढे २००८ मध्ये कोलोरॅडो, २००९ मध्ये व्हर्माँट आणि मेन, २०१५ मध्ये कॅलिफोर्निया यांनीही अशा बंदीवर कायद्यानं मर्यादा घातली. कॅनडातल्या ओंटॅरिओनं २००८ सालीच ती बंदी मोडून काढली होती. ज्या देशानं दोरी जवळजवळ विसरून टाकली होती, त्याला ती परत बांधायला विधिमंडळात जावं लागलं.

आपण नेमके त्या रस्त्यानं उलट्या बाजूनं निघालो आहोत. ड्रायरच्या दुकानात उभं राहणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. पावसाळ्यात, दोघं नोकरीवर, घरात तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर तो ड्रायर घरातल्या बाईचे दोन तास वाचवतो, आणि त्या तासांचा हिशेब विजेच्या बिलात कधीच येत नाही. पण हिशेब माहीत असावा. साधा, गरम हवेचा ड्रायर एका धुण्याला अडीच ते चार युनिटं खातो. महिन्याला वीस धुणी धरली तर साठेक युनिटं सहज. महावितरणच्या बिलातला पहिला, स्वस्त टप्पाच शंभर युनिटांचा आहे, हे लक्षात घेतलं की हा आकडा कळतो. हीट पंपाचा ड्रायर वाफेतली उष्णता परत वापरतो, म्हणून तो निम्म्यात भागवतो, पण त्याची किंमत बघून माणूस परत दोरीकडे वळतो. शिवाय यंत्रात घुसळून कपड्याची तंतूतंतूनं झीज होते. जाळीत जमणारी ती मऊ लोकर म्हणजे आपलाच शर्ट असतो. वर्षातले आठ महिने ज्या प्रदेशात ऊन अंगावर चालून येतं तिथे बारमाही ड्रायर मला उधळपट्टी वाटते. चार महिन्यांसाठी आधी यंत्राचा पिळायचा वेग वाढवावा. यंत्र जेवढं पाणी फिरवून काढतं त्याला वाळवण्याच्या मानानं वीज नगण्य लागते.

खरा प्रश्न जागेचा आहे, आणि ती जागा कागदावर असते. पुण्या-मुंबईच्या जाहिरातींत ‘ड्राय बाल्कनी’ लिहिलेली असते. प्रत्यक्षात ती स्वयंपाकघरामागची चार बाय पाचची जागा, तोंड डक्टकडे. डक्टमध्ये शेजाऱ्यांच्या एसीची गरम हवा, कबुतरं आणि बारा मजल्यांचे पाइप. ऊन दुपारी बारा वाजता वरच्या दोन मजल्यांना दहा मिनिटं भेटून जातं. तिथे वॉशिंग मशीन ठेवलं की माणसानं तिरकं उभं राहायचं. त्या मानानं गिरगावातल्या चाळीची सामाईक गॅलरी, बाहेर काढलेले लोखंडी अँगल आणि कप्पीवर सरकणारी दोरी ही फार शहाणी रचना होती. पाणी खालच्यांच्या अंगावर ठिबके आणि भांडणं होत हे खरं. पण त्या भांडणांत निदान हे गृहीत होतं की कपडे वाळायला हवेतच. आजच्या नियमांत गृहीत आहे की ते कुठेतरी, कुणाला न दिसता, आपोआप वाळतील. आणि वाळवणार कोण, हे तर विचारायचंच नाही.

औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांचं गाऱ्हाणं आणखी निराळं. चंद्रपूरकडे काय, कोराडीकडे काय, दोरी आहे, ऊन आहे, अंगण आहे, पण संध्याकाळी पांढऱ्या कपड्यावर बोट फिरवलं की बोट करडं होतं. जी वीज आपला ड्रायर फिरवणार तिची राख त्यांच्या धुण्यावर पडते.

आमच्या सोसायटीत गेल्या सभेत मी गच्चीवर दोऱ्या बांधायचा ठराव मांडला. सात खांब, चौदा दोऱ्या, मधे टेकू, खर्च किरकोळ. शोभेचा प्रश्न नाही, कारण गच्ची आकाशालाच दिसते. ठराव ‘तत्त्वतः’ मंजूर झाला. सध्या गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते. वहीत फ्लॅट नंबर, वेळ आणि सही करून ती मिळते, आणि सहा वाजता परत द्यावी लागते. परवा मी वही चाळली. महिनाभरात अकरा सह्या होत्या. त्यातल्या नऊ सेक्रेटरींच्या पत्नीच्या.